नाकापेक्षा मोती जड: घरी बनवलेली वस्तू किती दणकट असावी?

पाऊण_इंच (मूळ प्रश्न)

मंडळी, ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. मला एक सवय आहे आणि ती आता घरच्यांना जड व्हायला लागलीय. अगदी किलोत मोजता येईल इतकी जड.

मुलीसाठी अभ्यासाचं टेबल बनवलं. १२०० बाय ६००, उंची ७२० मिमी. चौकट ४० बाय ४० च्या चौकोनी पाइपची, पत्रा ३ मिमी. वर एक कडं, खाली एक कडं, मध्ये दोन आडवे. सगळं वेल्डिंग, ग्राइंडर मारून गुळगुळीत. वर पाऊण इंची प्लाय टाकला, हाताने दाबून बघितला आणि मनात आलं, एवढ्यावर भागेल का? म्हणून त्याच्याच मापाचा दुसरा खालून चिकटवला. वर चोवीस स्क्रू, कारण फेव्हिकॉलवर एकट्यावर भरवसा कसा ठेवायचा.

परवा वजन केलं. एका टोकाखाली बाथरूममधला वजनकाटा, दुसऱ्या टोकाखाली तेवढ्याच उंचीची पुस्तकं, मग उलट, आणि दोन्ही आकड्यांची बेरीज. ५६ किलो. मुलगी ३१ किलोची आहे. टेबलावर राहतं काय? लॅपटॉप, दिवा, वह्या-पुस्तकं आणि तिचे कोपर. मोठ्या मनाने धरलं तरी वीस किलो.

आता खरी लाजेची गोष्ट. हे टेबल हलतं. डावा मागचा पाय फरशीपासून दोन-तीन मिमी वर राहतो. ती लिहायला लागली की टक्‌, खोडायला लागली की टक्‌टक्‌. शेवटी तिनेच एका खोक्याचा पुठ्ठा फाडला, चार घड्या घातल्या आणि पायाखाली सरकवला. ५६ किलोचं लोखंड आज पुठ्ठ्याच्या जिवावर उभं आहे.

हे काही पहिलंच नाही. शू-रॅक केला, त्यावर दोन माणसं उभी राहतात (राहून बघितलंय). आमची ही म्हणते, भूकंप झाला तर सगळ्यांनी शू-रॅकमध्ये शिरायचं. चिमण्यांसाठी घर केलं, तेही पाऊण इंची प्लायचं, दोन इंची स्क्रू, वर लोखंडी आकडा. साडेचार किलो भरलं. झाडाला टांगलं तर फांदीच वाकून खाली आली. ते आता माळ्यावर आहे.

मूळ कुठे आहे तेही सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी पहिल्यांदा हातात ड्रिल घेतलं आणि पुस्तकांसाठी भिंतीवर फळी लावली. १२ मिमी प्लाय. तीन आठवडे राहिली. मग एका रात्री दोनच्या सुमारास जो काही आवाज झाला, तो अजून कानात आहे. कुणाला लागलं नाही, पण त्या रात्रीपासून मी बारा मिमीला हात लावलेला नाही. काहीही बनवायला घेतलं की रात्री अंथरुणात डोळ्यांसमोर ती वस्तू कोसळते, आणि सकाळी उठून मी एक अँगल वाढवतो.

तर प्रश्न असा. कुठे थांबायचं, हे तुम्हाला कसं कळतं? हिशेब करता, की अंदाज असतो? आणि माझं हे टेबल अजून कुठे कमी पडतंय का?

---

करवतकाका

शेवटच्या वाक्यावर हसून हसून चष्मा पडला. ५६ किलोच्या टेबलाला विचारतोय, कुठे कमी पडतंय का!

आधी हिशेबाचं. एक गोष्ट पाठ करून टाका, बाकी सगळं त्यातून सुटतं. फळी दुप्पट जाड केली की तिचा बाक निम्मा होत नाही, आठवा हिस्सा होतो. जाडीचा घन लागतो तिथे. म्हणजे तुम्ही पाऊण इंचाला पाऊण इंच चिकटवलात तेव्हा मनात म्हणालात ‘दुप्पट मजबूत’, प्रत्यक्षात ताठपणा आठपट झाला. मोडायची ताकद चौपट. हातून चुकून हत्ती घडला तो असा.

दुसरी, आणि माझ्या मते जास्त कामाची. आधारांमधलं अंतर कमी करा, जाडी नको. पुस्तकांची भरलेली फळी मीटरला साधारण तीस किलो धरतात. अडीचशे मिमी खोलीची पाऊण इंची फळी, टेकू नव्वद सेंटीमीटरवर, तर मध्ये अडीच मिमीच्या आसपास झोल येतो, आणि वर्षभरात लाकूड सुस्तावतं तसा तो वाढत जातो. तेच टेकू साठ सेंटीमीटरवर आणा, झोल पाचव्या हिश्श्यावर येतो. फळी तीच, खर्चायचा फक्त एक ब्रॅकेट. आणि पुढच्या कडेला चाळीस मिमीची पट्टी उभी मारलीत, आडवी नव्हे, उभी, तर बारा मिमीची फळीसुद्धा शहाण्यासारखी वागते.

मी स्वतः किती धुतल्या तांदळाचा? कुत्र्याचं घर केलं होतं, चौघांनी उचलावं लागायचं. कुत्रा शेवटपर्यंत बाहेर पायपुसण्यावर झोपला.

---

उभी_तुळई

पाऊण_इंच, उत्तर देण्याआधी एक विचारते. ती पहिली फळी पडली तेव्हा मोडली होती, की स्क्रू उपटले होते?

---

पाऊण_इंच

ताई, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. मीही नाही.

स्क्रू उपटले होते. वरचे चारही. ब्रॅकेट फळीला चिकटूनच खाली आले होते, आणि भिंतीला भोकं नव्हती, खळगे होते. आत बोट घातलं तर प्लास्टरचा भुसा निघाला.

फळी अख्खी आहे. माझ्याकडेच आहे. ड्रिल मारताना खाली ठेवायला वापरतो.

---

उभी_तुळई

वाटलंच होतं. म्हणजे पंधरा वर्षं तुम्ही जो भाग जाड करताय, तो कधी मोडलाच नव्हता.

मी इमारतींचे हिशेब करते, पोटापाण्यासाठी. तुमची फळी कागदावर उभी करून बघूया. लांबी ९० सेंमी, खोली २५, पुस्तकं २७ किलो. वजनाचा मध्य भिंतीपासून साडेबारा सेंमीवर. ब्रॅकेटचा उभा पाय १५ सेंमी धरला तर ब्रॅकेट खालच्या टोकावर रेलतो आणि वरचे स्क्रू भिंतीतून बाहेर ओढतो. ओढ किती? २७ गुणिले १२.५ भागिले १५, म्हणजे साडेबावीस किलो. तीही वरच्या चार स्क्रूंत वाटली जाते. एका स्क्रूला सहा किलोसुद्धा नाही. विटेत नीट बसलेल्या प्लगला हे ओझंच नाही. पण पस्तीस मिमीचा स्क्रू, त्यातला पंधरा मिमी प्लास्टरमध्ये, उरलेला विटांमधल्या सांध्याच्या भुसभुशीत मालात, आणि भोक ड्रिल हलवत हलवत मोठं झालेलं, तर सहा किलोसुद्धा तीन आठवडेच पेलतात.

आता गंमत बघा. त्या जागी तुम्ही छत्तीस मिमीची फळी लावली असतीत, तर फळीचंच वजन तीन-सव्वातीन किलोने वाढलं असतं. स्क्रूंवरची ओढही तितक्या पटीत वाढली असती. ती फळी तीन आठवड्यांच्या आधी पडली असती.

टेबलाकडे वळते. चाळीसचा पाइप सोडा, २५ बाय २५ बाय २ मिमीचा पाइप घेतला असता तर? ७२० मिमी उंचीचा पाय, वरचं टोक बाजूला सरकायला मोकळं आहे अशी सगळ्यात वाईट अवस्था धरली, तरी तो वाकून बाद व्हायला कागदावर दीड टन लागतो. एका पायाला. तुमच्या पाइपचं मीटरमागे वजन साडेतीन किलो, पंचवीसच्या पाइपचं दीडच्या आत. नुसत्या पाइप बदलाने चौकट चाळीस किलोवरून सोळावर आली असती. पाइपला जोडणारा साधा सहा मिमीचा बोल्ट, अगदी सौम्य पोलादाचा, सरळ ओढून तोडायचा म्हटलं तर आठशे किलोच्या आसपास लागतात. घरातलं फर्निचर या मार्गाने मोडत नाही हो. पाय चिरडून टेबल पडल्याचं तुम्ही कधी ऐकलंय? ते बाजूला लुळं पडतं. सांधे ढिले होतात, चौकोनाचा समांतरभुज चौकोन होतो आणि एक दिवस कुणीतरी कडेवर बसतं. त्यावर जाडीचा उपाय नाही. मागच्या बाजूला एक तिरकी पट्टी मारा, तीही तीन मिमी जाडीची चपटी पट्टी चालते. त्रिकोण झाला की चौकट कोनात अडकते.

आणि तुमचं टेबल टक्‌टक्‌ करतं ते ताठ आहे म्हणूनच. जमीन कधीच सपाट नसते. तीन टेकू कुठल्याही जमिनीवर बसतात, चौथा नशिबावर. हलक्या टेबलाची चौकट स्वतःच्या वजनाने थोडी पिळवटते आणि चौथा पाय टेकतो. तुम्ही तिला इतकं ताठ केलंत की ती पिळवटायलाच तयार नाही. वर वेल्डिंगच्या उष्णतेने चौकट जरा ओढली गेली असणार, ती वेगळीच. त्या पायाच्या तळाला एक नट वेल्ड करा, त्यात बोल्ट घाला, बोल्टचं डोकं खाली. फिरवून उंची लावा.

बाकी राहिलं ‘कुठे थांबायचं’. आमच्यात त्याला सुरक्षा गुणक म्हणतात, म्हणजे लागतं त्याच्या किती पट बळ ठेवलं. विमानाच्या सांगाड्याला दीडपट धरतात, कारण तिथे प्रत्येक किलो उडवावा लागतो आणि त्या बदल्यात प्रत्येक भाग मोजून, तपासून, मोडून बघितलेला असतो. लिफ्टच्या दोरांना दहा-बारा पट, कारण दोर झिजतात, तारा तुटत जातात आणि खाली माणसं असतात. हा आकडा म्हणजे आपल्याला किती माहीत नाही त्याचं माप. तुमच्या टेबलाच्या पायांचा गुणक काढायचा मी प्रयत्न केला आणि तीन आकडी संख्या आल्यावर सोडून दिला.

मात्र जास्तीच्या ताकदीला हसू नये, याची एक गोष्ट आमच्या धंद्यात प्रत्येकाला ठाऊक असते. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल. जॉन रोब्लिंगने त्याचे दोर लागतील त्याच्या सहापट मजबूत धरले होते. तो १८६९ मध्येच वारला, काम मुलाने, वॉशिंग्टन रोब्लिंगने पुढे नेलं. १८७८ मध्ये उघडकीला आलं की तारेचा कंत्राटदार तपासणीत चांगली तार दाखवून पुलावर निकृष्ट तार पाठवत होता. ती तार दोरांत ओवली गेली होती, काढता येणार नव्हती. वॉशिंग्टनने हिशेब केला, सहापट नाही तरी पाचपट उरते, आणि प्रत्येक दोरात दीडशेच्या आसपास तारा जास्तीच्या घालायला लावल्या. १८८३ मध्ये पूल उघडला आणि त्यावरून आजही गाड्या जातात. पण तो गुणक दोरांत होता, जिथे सगळा भार लटकतो. रस्त्याच्या फळ्या सहापट जाड करून तो पूल वाचला नसता.

---

झोके_घेणारा

ताई, हिशेब मान्य. पण मी दुसऱ्या बाजूने बोलणार, कारण जास्तीच्या ताकदीने माझं घर वाचलंय.

मुलासाठी झोका बांधला. मुलगा तेव्हा वीस किलो. हिशेबाने बारीकशी आकडीही चालली असती. मी बारा मिमीचा आकडा घेतला, तुळईतून आरपार भोक पाडून वर मोठं वॉशर आणि दोन नट. सगळे हसले. दोन महिन्यांनी घरात पाहुणे आले, आणि दुपारी बघतो तर त्या झोक्यावर माझा मेहुणा, त्याच्या मांडीवर त्याचा मुलगा आणि मागे उभा राहून माझा भाऊ झोके घेतोय. तिघं मिळून दीडशे किलो सहज. झोका पंचेचाळीस अंशांवरून खाली येतो तेव्हा तळाला दोरीवर वजनाच्या दीडपटीहून जास्त ताण येतो, आणि कुणी नव्वद अंशांपर्यंत नेलाच तर तिप्पट. वीस किलोसाठी बांधलेल्या गोष्टीवर अडीचशे किलो आले आणि मला कुणी विचारलंही नव्हतं.

घरी बनवलेल्या वस्तूवर ‘एवढंच वजन ठेवावे’ अशी पाटी नसते. असली तरी मेहुणा वाचत नाही.

म्हणून माझा कायदा: डोक्याच्या वर जे टांगलंय, ज्यावर माणूस चढतो आणि ज्यात पाणी भरतात, तिथे हात आखडता घ्यायचा नाही. चार फुटी माशांची टाकी घ्या, १२० बाय ४५ बाय ४५. नुसतं पाणीच २४३ किलो. काच, वाळू, दगड धरून तीनशेच्या घरात. एवढं वजन चोवीस तास, वर्षानुवर्षं. तिथे पाऊण_इंचसारखा माणूसच पाहिजे. शू-रॅक मात्र, राव, शू-रॅकच असू दे.

---

सागवानी

अनुभवाचे दोन बोल. सगळे म्हणताहेत जास्त मजबूत केलं तर फार तर वजन वाढेल. माझं मजबूत करण्यानेच मोडलं.

प्लायचं नाही हे, अख्ख्या लाकडाचं. फळ्या कडेला कडा जोडून साठ सेंमी रुंदीचा टेबलाचा पाट केला. सुंदर झाला होता, रंध्याने आरशासारखा केला होता. मग तो हलू नये म्हणून खालच्या लोखंडी चौकटीला सोळा ठिकाणी घट्ट आवळला, स्क्रूच्या डोक्याखाली वॉशर, वरून गोंदही. लाकूड ओल्या हवेत रुंदीला फुगतं आणि कोरड्या हवेत आक्रसतं, लांबीला जवळजवळ काहीच नाही. साठ सेंमीत चार-पाच मिमीचा फरक सहज पडतो. लोखंड त्याला हलू देईना. कोरडी हवा सुरू झाली आणि एका संध्याकाळी बंदुकीसारखा आवाज आला. पाट मधोमध चिरला, हातभर. आणि चीर गोंदाच्या सांध्यात नाही गेली, शेजारच्या लाकडातून गेली. रेषेरेषेने जोडलेला गोंदाचा सांधा लाकडापेक्षा पक्का असतो, तो सुटत नाही, लाकूड फाटतं.

दुसऱ्यांदा केला तेव्हा आठच स्क्रू, चौकटीतली भोकं लांबट केली, मधले दोन घट्ट आणि बाकीचे सरकतील असे. चार वर्षं झाली. पाट फुगतो, आक्रसतो, कुणाला कळत नाही.

पाऊण_इंच, तुमचा प्लाय आहे म्हणून चोवीस स्क्रू खपून गेले. लाकूड असतं तर कधीच हिशेब मागितला असता.

---

पतंगी_कागद

आमच्या छंदात सगळं उलटं. मी उडणारी मॉडेलं बनवतो. तिथे जास्तीचा ग्रॅम म्हणजे जमिनीवरच राहणं. नवीन माणूस पहिल्या विमानात तुमच्यासारखाच प्लाय घालतो, विमान धावतं, धावतं आणि कुंपणाला जाऊन भेटतं.

या बाबतीत माझं दैवत पॉल मॅक्रेडी. माणसाच्या पायांच्या जोरावर उडणाऱ्या यंत्रासाठी क्रेमर पारितोषिक १९५९ पासून जाहीर होतं. आठच्या आकड्याची ठरलेली फेरी मारायची. लोकांनी देखणी, कारागिरीची विमानं बांधली, ती मोडली की दुरुस्तीत महिने जायचे. मॅक्रेडीने ॲल्युमिनियमच्या नळ्या, तारा आणि पातळ प्लॅस्टिकचा कागद घेऊन २९ मीटर पंखांचं ‘गॉसमर काँडॉर’ बांधलं. रिकाम्याचं वजन ३२ किलो. पडायचं, मोडायचं, चिकटपट्टी लावून परत उभं राहायचं. जिथे मोडलं तिथेच भर घालायची. २३ ऑगस्ट १९७७ ला त्याने पारितोषिक घेतलं. दोन वर्षांत त्याच्याच ‘गॉसमर अल्बट्रॉस’ने इंग्लिश खाडी ओलांडली.

पाऊण_इंच, २९ मीटर पंखांचं विमान तुमच्या मुलीएवढं. तुम्हाला एवढंच सुचवतो, पुढची वस्तू मुद्दाम बारीक बनवा आणि वापरायच्या आधी स्वतः मोडायचा प्रयत्न करा. दिवसाढवळ्या, खाली गादी टाकून. रात्री अंथरुणात मोडण्यापेक्षा बरं.

---

पाऊण_इंच

तीन आठवड्यांनी येतोय. मंडळी, केलं.

आधी टेबल. तुळईताईंनी सांगितलं तसा डाव्या मागच्या पायाला नट वेल्ड केला, खालून बोल्ट. मुलगी वर लिहीत बसली आणि मी टेबलाखाली पाना घेऊन आडवा. ‘आता?’ टक्‌. ‘आता?’ टक्‌. पाव फेरा. ‘आता?’ आवाज नाही. एवढ्या लोखंडात जे जमलं नव्हतं ते पाव फेऱ्यात झालं. पुठ्ठा तिने ठेवलाय, म्हणते, बाबांचा काही नेम नाही.

मग फळी. तीच जुनी. ड्रिलची भोकं पडलीत, रंगाचे डाग आहेत, पण ९० बाय २५, १२ मिमी. मला तीच हवी होती. आधी दोन स्टुलांवर ठेवली, टेकूंमध्ये साठ सेंमी, दोन्हीकडे पंधरा पंधरा बाहेर. पाच लिटरचे अकरा कॅन पाण्याने भरले आणि दोन थरांत रचले. ५५ किलो, म्हणजे पुस्तकांच्या दुप्पट. एका टेकूपासून दुसऱ्यापर्यंत ताठ दोरा धरून मध्ये पट्टी लावली. अडीच मिमी बाक. मी सातव्या कॅनपासून श्वास धरून होतो, फळीला काही वाटलं नाही. मग करवतकाकांची उभी पट्टी पुढून लावली, गोंद आणि पाच स्क्रू (हो, पाचच, मोजा), आणि दुसऱ्या दिवशी परत तेच कॅन. दोऱ्याखालून जाडसर कागद कसाबसा सरकला. पट्टीसकट फळीचं वजन दोन किलो.

कॅन रात्रभर तसेच ठेवले. मी झोपलो. हे मुद्दाम लिहितोय, कारण आमच्या हिला ते जास्त महत्त्वाचं वाटलं.

भिंतीचं काम मात्र तब्येतीने केलं. प्लास्टर किती जाड आहे ते आधी बारीक भोक पाडून बघितलं: वीस मिमी! सांधे टाळून विटेत भोकं, भुसा फुंकून काढला, पंचाहत्तर मिमीचे स्क्रू, प्लग प्लास्टरच्या आत विटेपर्यंत ढकललेले. उंच पायाचे ब्रॅकेट घेतले. मग दोन्ही ब्रॅकेट भिंतीलगत धरून मी स्वतः लोंबकळलो, ७४ किलो. मुलगी म्हणाली, बाबा, पुस्तकं असं करत नाहीत.

एक कबुली. काल रात्री उठून मधोमध तिसरा ब्रॅकेट लावावा असं फार वाटलं होतं. ड्रिल बाहेरही काढलं. मग तुळईताईंचा साडेबावीस किलोचा आकडा आठवला आणि परत ठेवलं. तिसरा ब्रॅकेट अजून खिशात आहे.

आता उरलंय चिमण्यांचं साडेचार किलोचं घर. ते सोलून बारीक करू, की सरळ टाकून देऊ?

---

करवतकाका

बारा मिमी भिंतीवर चढला, अभिनंदन! ब्रॅकेट खिशातून काढा, पँट फाटेल.

चिमण्यांचं घर टाकू नका, दाराला अडसर म्हणून लावा.

---

पतंगी_कागद

काका, थांबा. टाकायचंही नाही आणि सोलायचंही नाही. पक्ष्यांच्या घराला पंधरा मिमी तरी जाडी हवीच. पातळ फळीचं घर दिवसा तापतं, रात्री गार पडतं, आत पिल्लं असतात. पाऊण इंच तिथे अगदी योग्य. चूक फांदीला टांगण्यात होती. आकडा काढा, मागे पट्टी मारा आणि भिंतीला किंवा जाड खोडाला पक्कं करा, दुपारचं ऊन थेट येणार नाही अशा बाजूला. दाराचं भोक बत्तीस मिमी असेल तर चिमणीला पुरतं. खाली पाणी निथळायला दोन बारीक भोकं असू द्या.

---

पाऊण_इंच

म्हणजे इतक्या वर्षांत एक वस्तू बरोबर जाडीची झाली आणि नेमकी तीच मी माळ्यावर टाकली.

आत्ता काढायला गेलो होतो. माळ्याचं दार उघडेना. मग आठवलं, मागे ते वाऱ्याने आपटायचं म्हणून मी आठ स्क्रू मारून बंद केलं होतं. ड्रिल चार्जिंगला लावलंय.